बीपीची वही : गावच्या उपकेंद्रातील दीड वर्षाच्या सेवेचा आढावा

गेले दीड वर्ष माझ्या आईचा रक्तदाब आमच्या गावच्या उपकेंद्रात तपासला जातो आणि त्यावरच्या गोळ्याही तिला तिथूनच मिळतात. आईचे वय ६७ आहे. मी नोकरीनिमित्त पुण्यात राहते, महिन्यातून एकदा गावी जाते आणि जमेल तेव्हा तिच्यासोबत उपकेंद्राच्या व्हरांड्यात जाऊन बसते. इमारतीवर पूर्वी नुसते ‘उपकेंद्र’ असे लिहिलेले असे. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेतून अशा उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे होऊ लागली, २०२३ च्या अखेरीस त्यांना ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ हे नाव मिळाले, भिंतींना पिवळा रंग लागला, आणि गाव मात्र अजूनही ‘सब सेंटरला जाऊन येतो’ असेच म्हणते. पुढे काही तक्रारीही येणार असल्यामुळे गावाचे आणि तालुक्याचे नाव लिहीत नाही. पश्चिम महाराष्ट्रातले, ऊसपट्ट्यातले गाव आहे, एवढे पुरे.

या सेवेची तुलना माझ्या मनात आपोआप ज्या दुसऱ्या सेवेशी होत राहते, ती आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी आई पुण्यात माझ्याकडे राहायला आली असताना मी तिच्यासाठी एका खासगी प्रयोगशाळेचे ‘संपूर्ण शरीर तपासणी’ नावाचे पॅकेज घेतले होते. जाहिरातीत ८७ तपासण्या होत्या. सकाळी सात वाजता एक नम्र मुलगा घरी येऊन रक्ताच्या चार नळ्या भरून घेऊन गेला आणि संध्याकाळी मोबाइलवर १९ पानांचा रंगीत अहवाल आला. तो बारकाईने वाचल्यावर लक्षात आले की एका साध्या रक्तगणनेतील प्रत्येक ओळ ही स्वतंत्र तपासणी म्हणून मोजलेली आहे, आणि चरबीचे आकडे दिल्यानंतर त्यांचीच एकमेकांशी गुणोत्तरे काढून तीही वेगळी धरलेली आहेत. रक्तदाब मात्र त्या ८७ मध्ये नव्हताच, कारण घरी येणाऱ्या मुलाकडे ते यंत्र नव्हते. त्यानंतरच्या महिनाभरात ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणार का, हे विचारणारे चार फोन आले. आईची तब्येत कशी आहे, हे विचारणारा एकही आला नाही. तिचे डोके त्या काळातही दुखत असे आणि आम्ही ते चष्म्याच्या नंबरावर ढकलत होतो.

गावी परतल्यावर आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा हा फॉर्म भरायचा असतो : तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला साखर किंवा बीपी आहे का, आणि कंबरेचा घेर. टेपने कंबर मोजून घेताना आईला फार हसू आले होते. ब्लाउजचे माप सोडले तर आयुष्यात कोणी तिचे माप घेतले नव्हते. या उत्तरांना गुण असतात आणि चारपेक्षा जास्त गुण झाले की त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलावले जाते. आईला बोलावणे आले. उपकेंद्रात रक्तदाब १६८/९८ निघाला, चार दिवसांनी पुन्हा तपासला तेव्हा १६४/९६, आणि मग उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी (सीएचओ) ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवरून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून गोळी सुरू केली. आजार सापडला तो आशाताईंच्या चौकशीतून, ज्यासाठी मी दमडीही मोजली नव्हती.

महिन्याची फेरी कशी असते, ते थोडे तपशिलाने लिहिणे आवश्यक आहे, कारण या सेवेचा गुण तिथेच कळतो. आई पायरी चढून आत आली की सीएचओ मॅडम तिला लगेच यंत्र लावत नाहीत. भिंतीला टेकलेल्या लाकडी खुर्चीत बसवतात, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायला लावतात, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवतात आणि सांगतात, ‘काकू, आता पाच मिनिटं कोणाशी बोलायचं नाही.’ आईसाठी ही सगळ्यात अवघड तपासणी. शेजारच्या बाकावरची बाई तिच्या माहेरची असली तर ती पाच मिनिटे पंधरा होतात. मग दोनदा मोजमाप, वहीत नोंद, टॅबवर नोंद, ‘मीठ किती खाता’ हा ठरलेला प्रश्न आणि आईचे ठरलेले उत्तर, आणि तीस गोळ्या. पैसे लागत नाहीत. ग्रामीण रुग्णालयात कार्डिओग्राम काढायला गेलो तेव्हाही केसपेपरचे पैसे द्यावे लागले नाहीत, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत. त्याआधी ज्या शेजारणी बाहेरून गोळ्या घेत असत, त्यांपैकी दोघी पैशांची ओढाताण झाली की एकाआड एक दिवस गोळी खात आणि डॉक्टरांना ते सांगत नसत.

गोळ्यांचा क्रम ठरलेला आहे, आणि ही बाब सुरुवातीला मला खटकली होती. आधी अ‍ॅम्लोडिपिन, त्याने भागले नाही तर टेल्मिसार्टन, पुढे गरज पडली तर क्लोरथॅलिडोन. राज्याराज्यांत क्रमात थोडा फरक असतो, पण रोग्यागणिक नवे नाव आणि नवी कंपनी असा प्रकार नसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो उपक्रम सुरू केला, त्याची ही पद्धत आहे. पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही त्यातील पहिली पाच राज्ये. सरसकट सर्वांना एकच औषध देणे म्हणजे रेशनिंगचे गहू वाटणे, असे मी तेव्हा मैत्रिणीला म्हणाले होते. नंतर समजले की औषधे मोजकीच ठेवली तरच ती मोठ्या प्रमाणावर स्वस्तात विकत घेता येतात आणि डॉक्टर रोज समोर नसतानाही प्रशिक्षित कर्मचारी उपचार पुढे चालवू शकतात. शिवाय हा क्रम आंधळा नाही. तिसऱ्या महिन्यात आईच्या पायांना सूज आली. मॅडमनी घोट्याच्या वर अंगठा दाबून पाहिला, खळगा भरून यायला वेळ लागतो हे आम्हाला दाखवले, अ‍ॅम्लोडिपिनने असे होऊ शकते असे सांगितले आणि डॉक्टरांना विचारून औषध बदलून दिले. नव्या औषधासाठी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला नमुनाही पाठवला. १९ पानांच्या अहवालाने जे केले नाही, ते या अंगठ्याने केले.

तरीही या सेवेचा खरा कणा म्हणजे ती वही. तिचे पुठ्ठ्याचे पान निळे आहे, कडा दुमडलेल्या आहेत, आणि टॅब आला असला तरी सीएचओ मॅडम आधी वहीच उघडतात. तिच्यात प्रत्येक रोग्याची एक ओळ आणि प्रत्येक महिन्याचा एक रकाना आहे. महिना सरत आला आणि रकाना रिकामा राहिला की त्या नावासमोर पेन्सिलीने टिंब पडते, आणि टिंबांची यादी आशाताईंकडे जाते. गेल्या श्रावणात आई मावशीकडे आठ दिवस जास्त राहिली, तर परत आली त्याच संध्याकाळी आशाताई दारात उभ्या : ‘आत्या, गोळ्या संपल्या असतील की तुमच्या. आला न्हाईत ते?’ आईने गोळ्या मावशीच्या डब्यातून घेतल्या होत्या, त्याबद्दल तिला बोलणीही खावी लागली. उच्च रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे माणूस उपचार सोडतो तो कुरकुर न करता, सहज, लग्नसराईत किंवा ऊसतोडीत. आणि खासगी दवाखान्यात न आलेल्या रोग्याची आठवण ठेवण्याचे काम कोणाच्याच वाट्याला दिलेले नसते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या सेवेला माझ्या ओळखीच्या कोणत्याही खासगी दवाखान्याच्या वर ठेवीन.

सार्वजनिक आरोग्याच्या व्यवहारात हल्ली ‘मूल्याधारित आरोग्यसेवा’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. त्याचा सरळ अर्थ असा की डॉक्टरला किंवा रुग्णालयाला किती तपासण्या केल्या, किती खाटा भरल्या यावर पैसे देण्याऐवजी रोग्याच्या प्रकृतीत काय फरक पडला यावर द्यावेत. ब्रिटनमध्ये २००४ पासून कुटुंब डॉक्टरांच्या उत्पन्नाचा एक भाग त्यांच्या रोग्यांचा रक्तदाब किती जणांत आटोक्यात आहे अशा निकषांवर बांधला गेला. स्कॉटलंडने २०१६ मध्ये ती पद्धत सोडूनही दिली. अमेरिकेत ऑक्टोबर २०१२ पासून, घरी सोडलेले रोगी अपेक्षेपेक्षा जास्त संख्येने महिनाभरात पुन्हा दाखल होऊ लागले तर रुग्णालयाचे मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विम्याकडून मिळणारे पैसे ३ टक्क्यांपर्यंत कापले जातात. आपल्याकडे राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये पंतप्रधान जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांसाठी अशीच कसोटी जाहीर केली : लाभार्थी समाधानी आहे का, तो पुन्हा दाखल झाला का, त्याच्या खिशातून किती गेले, खऱ्या ठरलेल्या तक्रारी किती, आणि उपचारानंतर त्याच्या जगण्याची प्रत सुधारली का. निकष चांगले आहेत. पण ती योजना दाखल झालेल्या रोग्यासाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातला खर्च तिच्यात बसत नाही. म्हणजे पक्षाघात झाल्यावर आईसाठी वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे छत्र आहे, आणि पक्षाघात होऊ नये म्हणून लागणारी गोळी या पिवळ्या इमारतीच्या भरवशावर आहे. मोजपट्टी जर कुठे आधी लावायची असेल, तर ती इथे लावली पाहिजे, असे माझे मत आहे.

आणि थोडीशी ती लावलेलीही आहे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना दरमहा ठरावीक मानधन मिळते आणि त्यावर कामाच्या निर्देशांकांनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला. हे कळल्यानंतर माझ्या मनात साहजिकच शंका आली की आकडा खाली दाखवण्यात ज्याचा फायदा, त्याच्याच हातात यंत्र कसे? रक्तदाब १४०/९० च्या आत असला की तो ‘नियंत्रणात’ मोजला जातो. एका महिन्यात आईचा पहिला आकडा १५२ आला, मॅडम म्हणाल्या ‘काकू, आणखी पाच मिनिटं बसा’, आणि दुसरा आकडा १३८ आला. मी त्या वेळी काही बोलले नाही, पण पुण्याला परत जाताना बसमध्ये माझे डोके त्यातच होते. पुढच्या खेपेला मी दंडाला बांधायचे स्वयंचलित यंत्र विकत घेतले आणि दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आईचा रक्तदाब लिहून काढला. बहुतेक आकडे १३० ते १४० च्या मध्ये होते, आणि पायरी चढून आल्या आल्या मोजला की हमखास पंधरा-एक अंश वर. संशय माझ्या अंगाशी आला. तरीही प्रश्न निकाली निघाला असे नाही. आमच्या मॅडम सचोटीच्या आहेत हा आमचा योग आहे. मोबदला आणि मोजमाप एकाच हातात असलेल्या हजारो ठिकाणी अधूनमधून त्रयस्थाने येऊन दहा रोग्यांचा रक्तदाब पुन्हा मोजण्याची रीत असायला हवी. आमच्याकडे दीड वर्षात असे कोणी आलेले मी ऐकलेले नाही.

तक्रारींपैकी सर्वांत गंभीर तक्रार पुरवठ्याची आहे. दीड वर्षात दोनदा गोळ्या संपल्या. पहिल्यांदा तीसऐवजी दहा गोळ्या देऊन ‘पुढच्या आठवड्यात या’ असे सांगण्यात आले. दुसऱ्यांदा टेल्मिसार्टन तीन आठवडे नव्हतेच आणि आम्ही ते बाहेरून घेतले. आम्हाला ते परवडले. पण मोफत मिळणाऱ्या गोळीचा खंड हा विकतच्या गोळीच्या खंडापेक्षा वाईट असतो, कारण तिच्या भरवशावर माणसाने दुसरी सोय ठेवलेली नसते. उपक्रमाच्या आखणीत अखंड औषधपुरवठा हा पाच आधारांपैकी एक मानलेला आहे. तो डळमळला की वही, आशाताई, पाच मिनिटांची खुर्ची, सगळेच पोकळ होते. दुसरी तक्रार व्हरांड्याची. आकडा मोठ्याने वाचला जातो आणि बाकावरच्या सर्वांना कोणाचे बीपी किती, हे संध्याकाळपर्यंत पाठ असते. आईला त्याचे काही वाटत नाही, उलट चढाओढ लागते. पण याच टेबलावर स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीविषयीही विचारले जाते, आणि तिथे एकही बाई खरे उत्तर देत नाही हे मी समोर पाहिले आहे. पडदा आहे, पण तो खिडकीला लावलेला आहे.

टॅबविषयी फार लिहीत नाही. रेंज नसते, आभा या डिजिटल आरोग्य-ओळख क्रमांकाचे चौदा अंक आईच्या लक्षात राहत नाहीत, आणि एकाच माणसाची नोंद वहीत एकदा, टॅबवर एकदा आणि महिनाअखेरीच्या तक्त्यात एकदा, अशी तीनदा होते. मॅडमचा निम्मा दिवस लिहिण्यात जातो.

तिसरी उणीव मला फार उशिरा दिसली. त्या व्हरांड्यात पुरुष नसतात. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत २४ टक्के आणि स्त्रियांत २१ टक्के इतके उच्च रक्तदाबाचे प्रमाण आढळले, म्हणजे पुरुषांचे थोडे जास्तच. आमच्या उपकेंद्रात मात्र मी ज्या ज्या वेळी बसले त्या त्या वेळी दहांत एखादा म्हातारा पुरुष दिसला. कारण उघड आहे. केंद्र सकाळी उघडते आणि संध्याकाळी बंद होते; शेतावरचा माणूस, साखर कारखान्यातला पाळीवाला, एमआयडीसीत जाणारा मुलगा, हे त्या वेळात कधीच मोकळे नसतात, आणि आशाताई घरी येतात तेव्हा घरात बायकाच असतात. उपचाराखाली असलेल्यांपैकी किती जण नियंत्रणात आहेत, हा आकडा दर महिन्याला वरिष्ठांकडे जातो. देशपातळीवर २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा उपचाराखालील जवळजवळ निम्म्या लोकांचा रक्तदाब आटोक्यात असल्याचे सांगितले गेले, आणि सरकारी दवाखान्यांच्या पूर्वीच्या लौकिकाकडे पाहता ती कामगिरी खरोखरच मोठी आहे. पण छेदस्थानी कोणाला धरायचे, यावर टक्केवारीचा अर्थ ठरतो. मैदानी भागात एका उपकेंद्राकडे साधारण पाच हजार लोकसंख्या असावी असा निकष आहे. त्यातील तीस वर्षांवरील सर्वांना छेदात घेतले, म्हणजे जे कधी पायरी चढलेच नाहीत त्यांनाही मोजले, तर आमच्या गावचे चित्र इतके साजरे दिसणार नाही. समूहाचे आरोग्य सांभाळायचे म्हणजे या न आलेल्यांची जबाबदारी घ्यायची, आणि आठवड्यातून एक दिवस केंद्र रात्री आठपर्यंत उघडे ठेवले तरी त्यातले बरेचसे साधेल, असे मी मॅडमना म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘ताई, मी एकटीच आहे. रात्री आठनंतर मला तालुक्याला जायला वडाप मिळत नाही.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

खर्चाचा हिशेब द्यायचा तर आईवर दीड वर्षात आमचे झालेले एकूण खर्च म्हणजे बाहेरून घेतलेल्या गोळ्या, ग्रामीण रुग्णालयापर्यंतचे जाणे-येणे आणि माझे ते यंत्र. सगळे मिळून त्या ८७ तपासण्यांच्या पॅकेजपेक्षा कमी. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. या घसरणीच्या मोजमापावर अर्थशास्त्रज्ञांत वाद आहेत. आमच्या घरापुरती ती खरी आहे.

ही सेवा कोणाला घेता येईल, असे विचारणाऱ्यांसाठी : साधा उच्च रक्तदाब किंवा सुरुवातीचा मधुमेह असेल तर निःशंक जावे. आधीपासून खासगी औषध चालू असेल तर जुने कागद आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्यावे, म्हणजे औषध मध्येच तुटत नाही. मूत्रपिंड, हृदय किंवा डोळ्यांपर्यंत आजार पोहोचला असेल तर उपकेंद्र हे केवळ चिठ्ठी देऊन वर पाठवण्याचे ठिकाण आहे, आणि वरच्या दवाखान्यातून परत खाली कागद येण्याची व्यवस्था जवळजवळ नाहीच. तो कागद आपणच जपून आणून दाखवावा लागतो. घरात निदान पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या ठेवाव्यात. आणि बीपी मोजून घेताना गप्प बसावे.

आईचा गेल्या महिन्याचा आकडा १३४/८२ होता. नोंद झाल्यावर मॅडमनी वहीचे मागचे पान उघडून आमच्या घराची ओळ दाखवली. चार नावे आहेत. आईच्या नावापुढे सतरा रकाने भरलेले, माझ्यापुढे ‘बाहेरगावी’, वहिनीपुढे ‘नॉर्मल’, आणि धाकट्या भावापुढे, जो ३८ वर्षांचा आहे, कारखान्यात रात्रपाळी करतो आणि दिवसाला दोन पुड्या खातो, ‘तपासणी बाकी’.